स्वतःशी बरे बोलायला शिकताना: स्वयंसूचनांचा रोजचा सराव कसा सुरू करावा

हातातून कप निसटून फुटला की आपल्या मनात पहिला शब्द कोणता उमटतो, हे एकदा नीट आठवून पाहावे. बहुतेकांचा शब्द 'वेंधळा', 'धांदरट' किंवा 'एक काम धड होईल तर शपथ' यांच्या आसपासचा असतो. तोच कप पाहुण्याच्या हातून फुटला असता तर आपण लगेच 'अहो, राहू द्या, काच तर लागली नाही ना?' असे विचारले असते आणि ते विचारताना आपल्याला कोणतेही सोंग करावे लागले नसते. स्वतःवर प्रेम करणे हा शब्दप्रयोग काहींना भारदस्त आणि काहींना भाबडा वाटतो. या लेखापुरता त्याचा अर्थ मी एवढाच घेते की, पाहुण्याशी जे बोलणे आपल्याला आपसूक जमते ते स्वतःशीही जमू लागावे.

त्यासाठीचा एक बिनखर्चाचा आणि रोज करता येण्याजोगा सराव म्हणजे स्वयंसूचना, ज्यांना आता सर्रास 'अफर्मेशन' म्हटले जाते. स्वतःविषयीचे एक छोटे वाक्य ठरवायचे आणि ते दररोज ठरावीक वेळी स्वतःला ऐकवायचे, एवढीच त्याची कृती आहे. ही कल्पना नवी नाही. फ्रान्समधील औषधविक्रेते एमिल कुए (१८५७–१९२६) आपल्याकडे येणाऱ्यांना 'दिवसेंदिवस, सर्व बाजूंनी, मी अधिकाधिक बरा होत आहे' अशा अर्थाचे वाक्य सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वीस-वीस वेळा पुटपुटायला सांगत. मोजणीत मन गुंतू नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी हाताशी ठेवावी, अशीही त्यांची सूचना होती. आजार बरे होण्याविषयीच्या त्यांच्या दाव्यांशी आपल्याला येथे कर्तव्य नाही, परंतु त्यांच्या वाक्याची घडण मात्र पाहण्यासारखी आहे, कारण ते वाक्य 'बरा आहे' असे न म्हणता 'बरा होत आहे' असे म्हणते. या 'होत'कडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

सराव चार दिवसांत का सुटतो

काही वर्षांपूर्वी मी आरशाच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली होती. तिच्यावर 'मी परिपूर्ण आहे. मी सर्वांना प्रिय आहे.' असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. पहिले दोन दिवस ती वाचताना थोडी गंमत वाटली, तिसऱ्या दिवशी मनाने 'हो का?' असे विचारले आणि चौथ्या दिवशी त्याने पुराव्यांची यादीच पुढे ठेवली: न केलेला फोन, उशिरा पाठवलेले काम, मैत्रिणीला तोडून दिलेले उत्तर. चिठ्ठी वाचून झाल्यावर मी वाचण्यापूर्वीपेक्षा अधिक खट्टू होत असे. आठवडाभराने ती वाफेने सुटून बेसिनमध्ये पडली आणि मी ती पुन्हा लावली नाही.

असे का होते, याचा एक चांगला मागोवा कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून मिळतो. त्यांनी काही जणांना ठरावीक अंतराने 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचे वाक्य मनात म्हणायला सांगितले. ज्यांचा आत्मसन्मान मुळातच बरा होता त्यांना किंचित बरे वाटले; ज्यांचा कमी होता त्यांना मात्र, ते वाक्य न म्हणणाऱ्या तशाच लोकांच्या तुलनेत, अधिक वाईट वाटले. पुढे दुसऱ्या संशोधकांनी हा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसाच परिणाम मिळाला नाही, त्यामुळे याला अटळ नियम मानू नये. तरीही नवख्याने त्यातून एक सावधगिरी अवश्य घ्यावी: जे वाक्य मनाला पटत नाही ते कितीही वेळा म्हटले तरी मन त्याच्याशी वाद घालत बसते, आणि त्या वादात जुनी तक्रारच पुन्हा उगाळली जाते. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्यांमध्ये वाक्य म्हणण्यापेक्षा वाक्य घडवण्यावर अधिक भर आहे.

पहिली पायरी: पाच दिवस फक्त ऐकावे

सुरुवातीचे पाच दिवस एकही स्वयंसूचना म्हणू नये. खिशात मावेल अशी वही घ्यावी आणि आपण स्वतःला जे बोलतो ते दिवसातून दोन-तीनदा जसेच्या तसे टिपावे. येथे 'जसेच्या तसे' याला फार महत्त्व आहे. वहीत लिहायला बसले की आपण नकळत शहाण्यासारखे लिहू लागतो. 'माझ्यात आत्मविश्वासाची कमतरता आहे' असे कोणीही स्वतःला मनात म्हणत नाही. मनात म्हटलेले असते ते 'माझ्याने नाही व्हायचे', 'परत माती खाल्ली', 'लोक काय म्हणत असतील'. तीच भाषा कागदावर यायला हवी. शेजारी घटना एका ओळीत लिहावी, म्हणजे कोणत्या प्रसंगी कोणते वाक्य उगवते हे दिसू लागते.

मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी १९६० च्या दशकात अशा वाक्यांना 'स्वयंचलित विचार' म्हटले. ते इतके झटकन येऊन जातात की आपण ते बोललो हेही आपल्या ध्यानात राहत नाही. उरते ती फक्त उदासी. टिपून ठेवल्यावर अनेकांना आश्चर्य वाटते ते या गोष्टीचे की आपली वाक्ये फारशी निरनिराळी नसतात. पाच दिवसांत माझ्या वहीत चौदा नोंदी झाल्या आणि त्यांपैकी नऊ एकाच वाक्याची रूपे होती.

दुसरी पायरी: घटना आणि शेरा वेगळे करावेत

आता वही पुढे घेऊन प्रत्येक नोंदीत घडलेली गोष्ट कोणती आणि तिच्यावर आपण मारलेला शेरा कोणता, हे पेन्सिलीने अधोरेखित करावे. 'बैठकीत बोलताना मी दोनदा अडखळले' ही घटना आहे. 'मला चारचौघांत बोलताच येत नाही' हा शेरा आहे. शेरा ओळखण्याची खूण अशी की त्यात बहुधा 'नेहमी', 'कधीच', 'काहीच' यांपैकी एखादा शब्द असतो, किंवा मग आपण क्रियापद सोडून स्वतःला एखादे विशेषण चिकटवलेले असते. 'विसरले' या क्रियापदावरून 'विसराळू' या विशेषणावर जाताना आपण एका दिवसाच्या गोष्टीवरून जन्माचा दाखला लिहून मोकळे होतो.

(जाता जाता एक सुचवते: शेऱ्यातला शब्द आपला नेहमीचा आहे का, हेही पाहावे. माझ्या वहीतला 'अव्यवस्थित' हा शब्द मी एरवी कोणाविषयीही वापरत नाही; तो लहानपणी माझ्याविषयी वारंवार वापरला गेला होता. शब्द उसना आहे एवढे कळले तरी त्याची धार थोडी बोथट होते.)

या यादीतून सर्वांत जास्त वेळा आलेला एकच शेरा निवडावा. एकदम पाच-सहा वाक्यांचा सराव सुरू करण्याचा मोह होतो, तो टाळावा.

तिसरी पायरी: मनाला पटेल असे वाक्य घडवावे

समजा निवडलेला शेरा 'माझ्याने काहीही वेळेवर होत नाही' हा आहे. सर्वसाधारण सल्ला असा असतो की याच्या नेमके उलट वाक्य तयार करावे, म्हणजे 'मी प्रत्येक काम वेळेवर करते'. हेच वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे आणि ते किती खरे वाटते याला शून्य ते दहा यांपैकी गुण द्यावेत. मी त्याला दोन दिले होते. मग ते थोडे खाली आणावे: 'मी वेळेवर काम करायला शिकते आहे.' याला सहा. आणखी जमिनीवर आणावे: 'आजचे एक काम मी ठरलेल्या वेळी सुरू करीन, आणि उशीर झाला तरी स्वतःशी नीट बोलेन.' याला मी बिनदिक्कत नऊ दिले. सातपेक्षा कमी गुणांचे वाक्य सरावाला घेऊ नये, असा मी स्वतःपुरता नियम केला आहे. सात या आकड्याला शास्त्राचा आधार नाही, तो केवळ अनुभवाचा आहे.

येथे तो 'होत' कामाला येतो. 'शिकते आहे', 'जमू लागले आहे', 'प्रयत्न करतो आहे' अशी अपूर्ण क्रियापदे मनाला चटकन मान्य होतात, कारण ती कोठे पोहोचल्याचा दावा करत नाहीत, केवळ चालू असलेली गोष्ट सांगतात. आपल्या मराठीत ही सोय उत्तम आहे आणि ती भरपूर वापरावी.

भाषा आपल्या तोंडातली असावी. 'मी सामर्थ्यवान, सक्षम आणि तेजस्वी आहे' हे वाक्य सत्कारसमारंभात वाचल्या जाणाऱ्या मानपत्रासारखे वाटते आणि ते म्हणताना आपण कोणा तिसऱ्याच माणसाचे कौतुक ऐकत आहोत असा भास होतो. एका श्वासात संपेल एवढेच वाक्य घ्यावे. त्यात शक्यतो काय करणार ते सांगावे, काय टाळणार ते सांगू नये; 'मी घाबरणार नाही' असे म्हणताना ध्यानात भीतीच राहते, तर 'मी सावकाश बोलेन' असे म्हटल्यावर जिभेला काहीतरी काम मिळते.

वाक्य 'मी'चेच असावे असेही नाही. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधील अभ्यासात, ताणाच्या प्रसंगाआधी ज्यांनी स्वतःशी बोलताना 'मी'ऐवजी स्वतःचे नाव किंवा 'तू' वापरले त्यांना त्या प्रसंगाकडे थोडे अंतर ठेवून पाहता आले आणि त्यांची कामगिरीही सरस ठरली. आपल्याला ही गोष्ट पटायला जड जाऊ नये, कारण रागावताना आपण स्वतःला 'तू'च म्हणत असतो: 'काय केलेस तू हे!' त्याच 'तू'ला आता चांगल्या कामाला लावायचे आहे. घरात लाडाने हाक मारण्याचे एखादे नाव असेल तर ते वापरून पाहावे. 'हळूहळू कर, जमते आहे तुला' हे वाक्य त्या नावाने सुरू झाले की वेगळेच ऐकू येते.

विधान जड वाटणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, ती प्रश्नाची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात 'मी करीन' असे लिहिणाऱ्यांपेक्षा 'मी करीन का?' असे लिहिणाऱ्यांनी नंतर दिलेली शब्दकोडी अधिक सोडवली. विधानावर मन वाद घालते, प्रश्नावर मात्र ते उत्तर शोधू लागते, असे मला यामागचे कारण वाटते. मराठीत हा प्रश्न शेवटच्या 'ना'ने आणखी मवाळ होतो: 'आज पहिले काम दहाच्या आत सुरू करशील ना?'

ज्यांना नमुन्यादाखल काही हवे आहे त्यांच्यासाठी थोडी वाक्ये देते, पण ती तशीच्या तशी उचलण्यापेक्षा स्वतःच्या बोलीत वळवून घ्यावीत. शरीराविषयी सतत नाराजी असेल तर 'या शरीराने आजही मला दिवसभर साथ दिली.' चुकीनंतर स्वतःला फैलावर घेण्याची सवय असेल तर 'चूक झाली. ती निस्तरायला मी आहे.' इतरांशी तुलना छळत असेल तर 'तिचा वेग तिचा, माझा माझा.' आणि कोणालाही नकार देताना अपराधी वाटत असेल तर 'नाही म्हणूनही मी चांगलीच राहते.'

चौथी पायरी: वाक्याला जागा आणि वेळ द्यावी

'सवड मिळाली की म्हणेन' असे ठरवलेली गोष्ट होत नाही. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की, 'अमुक घडले की मी तमुक करीन' अशा साच्यात ठरवलेले बेत नुसत्या इराद्यापेक्षा अधिक वेळा पार पडतात. म्हणून वाक्य एखाद्या न चुकणाऱ्या कृतीला बांधावे: ब्रश जागेवर ठेवला की, चपला घातल्या की, दिवा मालवला की. सकाळी एकदा आणि रात्री एकदा, प्रत्येकी तीन वेळा, ऐकू येईल एवढ्या आवाजात आणि नेहमीच्या बोलण्याच्या गतीने म्हणावे. एकूण मिनिटभराचे काम आहे. आरशासमोर उभे राहण्याची सक्ती नाही. काहींना स्वतःच्या डोळ्यांत पाहून बोलणे आवडते, मला ते आजही अवघडल्यासारखे वाटते आणि मी खिडकीकडे पाहून बोलते.

तिसरी वेळ अवेळीच येते आणि खरे तर तीच महत्त्वाची असते. जुना शेरा उमटला की तो दाबू नये. 'आला हा पुन्हा' एवढे म्हणून त्यापाठोपाठ आपले वाक्य एकदा म्हणावे. पहिल्या काही दिवसांत हे तासाभराने आठवेल. तेव्हाही म्हणावे.

सवय किती दिवसांत लागते, याविषयी २१ दिवसांचा आकडा सर्वत्र सांगितला जातो, तो मनावर घेऊ नये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांच्या रोजच्या सवयींचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात एखादी कृती अंगवळणी पडायला लागणारा मध्यम कालावधी ६६ दिवस निघाला आणि व्यक्तीव्यक्तीगणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले होते. त्याच अभ्यासातली मला अधिक उपयोगी वाटलेली गोष्ट अशी की, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. त्यामुळे खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सुरू करावे. भरपाई म्हणून सहा वेळा म्हणू नये.

मोबाइलच्या पडद्यावर किंवा कपाटावर वाक्य लिहून ठेवणाऱ्यांनी दर आठवड्याला त्याची जागा बदलावी, कारण रोज एकाच जागी दिसणारा कागद पंधरा दिवसांत भिंतीचा भाग होऊन जातो.

पाचवी पायरी: रात्री एक ओळ साक्षीची

नुसते वाक्य फार काळ टिकत नाही. त्याला रोज थोडी साक्ष लागते. झोपण्यापूर्वी वहीत त्या वाक्याला धरून घडलेली एकच गोष्ट लिहावी, आणि ती इतकी छोटी असावी की खोटी ठरू नये. 'आज अकराऐवजी साडेदहाला कामाला बसले' हे पुरेसे आहे. 'आजचा दिवस छान गेला' हे नको, कारण त्यातून महिन्याभराने काहीही कळत नाही. ज्या दिवशी काहीच सापडणार नाही त्या दिवशी 'आज नाही' एवढे दोन शब्द लिहून वही मिटावी. या ओळींचा खरा उपयोग वाईट दिवशी होतो. मन पुराव्यांची यादी काढू लागते तेव्हा आपल्यापाशीही एक यादी असते, आणि ती तारखांसह असते.

आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटे, थोडे निराळे लेखन करून पाहावे. क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, आपल्याला जे मोलाचे वाटते त्याची आठवण केल्याने मनाचा तोल सावरतो. मैत्री, प्रामाणिकपणा, एखादी कला, शिकण्याची ओढ यांपैकी एक निवडून ती आपल्याला का महत्त्वाची वाटते आणि त्या आठवड्यात ती कोठे दिसली, एवढेच लिहावे. ज्यांना स्वतःविषयी चांगले बोलताना संकोच होतो त्यांनी तर सुरुवात येथूनच करावी.

अडचणी आल्यास

मन उलट उत्तर देत राहिले तर समजावे की वाक्य अजून मोठे आहे. ते आणखी एक पायरी खाली आणावे. आपण नाटक करत आहोत असे वाटणे पहिल्या आठवड्यात साहजिक आहे, पण तिसऱ्या आठवड्यातही तसेच वाटत असेल तर शब्द बदलावेत. काहींना आपण आत्मप्रौढी मिरवत आहोत अशी धास्ती वाटते. त्यांनी स्वतःचे वाक्य तपासावे: त्यात आपण कोणापेक्षा तरी वरचढ असल्याचा सूर असेल तर धास्ती खरी आहे, नसेल तर निर्धास्त राहावे.

याहून अवघड अडचण अशी की, हा सरावच स्वतःला झोडपण्याची नवी छडी होऊन बसतो. 'मला साधे स्वतःवर प्रेमही करता येत नाही' हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले आहे आणि स्वतःही म्हटलेले आहे. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची मांडणी करताना तिची तीन अंगे सांगितली: स्वतःशी मायेने वागणे, आपले दुःख हे माणसामात्राच्या वाट्याला येणारे आहे हे ओळखणे, आणि जे वाटते आहे ते न फुगवता, न दाबता पाहणे. अडकल्यावर मला मधले अंग सर्वांत उपयोगी पडते. कप सगळ्यांच्याच हातून फुटतात, हे आठवले की छडी आपोआप खाली ठेवली जाते.

या सरावाच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ते वाक्यांचे काम नाही. मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटावे. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाला सांगावे आणि डॉक्टरांना गाठावे. आणि जवळचेच कोणी सतत अपमान किंवा मारहाण करत असेल तर ते सहन करण्याचे बळ मिळावे म्हणून स्वयंसूचना वापरू नयेत. तेथे मदत मागणे आणि बाहेर पडण्याची सोय पाहणे अगोदर.

वाक्य बदलण्याची वेळ

काही आठवड्यांनी असा दिवस येतो की वाक्य म्हणताना मन वादही घालत नाही आणि सुखावतही नाही. 'ठाऊक आहे' एवढेच म्हणते. त्याला पुन्हा गुण द्यावेत. दहाच्या आसपास आले असतील तर त्यापुढे तारीख घालून ते निवृत्त करावे आणि पहिल्या पाच दिवसांच्या नोंदी उघडून पुढचा शेरा निवडावा. माझ्या वहीत सध्या पाचवे वाक्य चालू आहे. काल रात्री गुण द्यायला बसले तर त्याला प्रामाणिकपणे सहाच देता आले, म्हणून आज ते खोडून त्याच्या जागी थोडे लहान वाक्य लिहिले आहे.